न दुखणारा डाग

रक्ताच्या कर्करोगासाठी घेतलेल्या केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर अकराव्या दिवशी मांडीच्या आतल्या बाजूला एक लाल ठिपका दिसला. दुखत नव्हता, खाजतही नव्हता. काहीतरी चावलं असेल, असं समजून मी कोणाला बोलले नाही. संध्याकाळी तो जांभळा झाला, मधे फोड आला आणि रात्री थंडी वाजून ३८.४ अंश ताप चढला.

काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडलेले असताना ३८ च्या वर ताप गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, हे नर्सनी घरी सोडतानाच बजावलं होतं. रात्रीच निघालो. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १०० च्याही खाली होते. ५०० च्या खालीच धोका फार वाढतो. ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातून जंतू वाढतात का ते पाहायला, हातातून आणि पिकलाइनमधून (औषधासाठी दंडातून शिरेत घातलेल्या नळीतून) असं दोन्हीकडून रक्त घेतलं आणि रिपोर्टसाठी न थांबता तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. डागाचं मी तेव्हा कुठे सांगितलं.

डॉक्टरांनी लगेच अंगभर तपासलं. काखेत आणखी एक निघाला. सकाळपर्यंत मांडीवरचा डाग मधे काळाठिक्कर पडला, भोवती लाल कडं. त्याला एक्थिमा गॅंग्रिनोसम म्हणतात. रक्तातले जंतू त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत वाढतात, रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढी त्वचा मरते.

"जंतू आहेत तर पू कसा नाही?" मी विचारलं. पू होतो तो मुख्यतः न्यूट्रोफिलांचाच, आणि माझ्याकडे ते नव्हतेच. म्हणून सूजही नाही. हे ऐकून मला खरंच धडकी भरली.

बायॉप्सीला मी आधी नकार दिला होता. प्लेटलेट इतक्या कमी, रक्त थांबेल का ही भीती. पण असे डाग बुरशीनेही होतात आणि काही बुरशी रक्ताच्या कल्चरमध्ये सापडतच नाहीत, हे कळल्यावर तयार झाले. प्लेटलेट चढवून तुकडा काढला. रक्तात आणि त्वचेत एकच जंतू निघाला, स्यूडोमोनास. चालू औषध त्यावर लागू होतं. चौथ्या दिवशी ताप उतरला.

काउंट वाढू लागले तशी जखम लाल होऊन ठणकू लागली. मी घाबरले, डॉक्टर मात्र खूश झाले: न्यूट्रोफिल परत येऊन कामाला लागल्याची ती खूण होती.

पुढच्या प्रत्येक फेरीत रोज सकाळी काखा, जांघा, मांड्या मी स्वतः पाहायचे. पाठ आणि पिकलाइनभोवतीची त्वचा बहीण पाहायची. नवीन काही दिसलं की पेनाने कडेने रेघ मारून, वेळ लिहून लगेच फोन.