ड्रेस कोड कार्डावर असतो, पण कपडे लोकलमधून न्यायचे असतात

ऑफिसच्या मोठ्या कार्यक्रमाला काय घालावं असं नेटवर शोधलं की नेव्ही ब्लू सूट, सिल्क टाय, लेदर शूज, बायकांसाठी पेन्सिल स्कर्ट आणि हील्स असं सगळं समोर येतं. त्यात चूक काही नाही, पण ते ज्या माणसासाठी लिहिलंय तो थंड हवेत राहतो आणि गाडीतून थेट हॉलच्या दाराशी उतरतो. आपल्याकडचा माणूस डोंबिवलीहून निघतो, फास्ट लोकलमध्ये उभ्याने कुर्ल्यापर्यंत येतो, पूल चढतो, बीकेसीसाठी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसांकडे जायला, शेअर रिक्षाच्या रांगेत थांबतो आणि मग त्या चकचकीत दारातून आत शिरतो. म्हणून माझं ठाम मत आहे की मुंबईत कपडे हॉलसाठी निवडायचेच नाहीत, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतच्या अख्ख्या दिवसासाठी निवडायचे.

हे मी सांगतेय कारण माझं कामच कॉन्फरन्स उभ्या करायचं आहे. हॉल बुक करा, स्पीकर्सशी बोला, जेवणाचं बघा, आणि त्या दिवशी सकाळी रजिस्ट्रेशन डेस्कवर उभं राहा. गोरेगावचं नेस्को, नरिमन पॉइंटचं चव्हाण सेंटर, वरळीचं नेहरू सेंटर, बीकेसीतलं जिओ वर्ल्ड, सगळीकडे तेच बघते. नवीन मुलं-मुली येतात, महागातले कपडे घातलेले असतात, आणि सकाळी साडेनऊलाच दमलेली दिसतात. कारण कपडे अंगाला चिकटलेत, बूट चावतोय, आणि अजून पूर्ण दिवस जायचाय. ज्याचं लक्ष कॉलरकडे आणि टाचेकडे आहे तो समोरच्याशी मोकळेपणाने बोलणार कसा? आणि इथे तर तो बोलायलाच आलेला असतो ना.

तर आधी घाम. मुंबईच्या हवेत एवढी ओल असते की घाम उडून जातच नाही, तो अंगावरच राहतो, त्यामुळे कापड काय आहे याला खूप महत्त्व आहे. कॉटन साध्या हवेतसुद्धा स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही, म्हणून स्वस्तातला चकाकणारा फॉर्मल शर्ट पाठीला असा चिकटतो. पण शंभर टक्के कॉटन ट्रेनच्या गर्दीत चुरगळतं हेही खरं, मग कॉटन जास्त आणि पॉलिस्टर कमी असं मिक्स घ्या, किंवा सरळ लिनन घ्या, लिननच्या चुण्यांना आता कोणी नावं ठेवत नाही. ब्लेझर घालायचाच असेल तर टेलरला ट्रॉपिकल वूल दाखवायला सांगा. वूल म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात पण हे पातळ असतं, त्यातून हवा खेळते आणि हँगरला टांगून ठेवलं की चुण्या बऱ्याचशा आपोआप निघून जातात. आतून पूर्ण अस्तर नको, हाफ लाइनिंग सांगा, उकाड्यात सगळा त्रास त्या अस्तराचाच असतो.

रंगाचंही तसंच. आकाशी आणि ग्रे हे दुकानात सगळ्यात सभ्य दिसणारे शर्ट, पण घामाचे डाग सगळ्यात जास्त याच दोन रंगांवर उठतात. पांढरा किंवा गडद नेव्ही यावर फार कळत नाही. पुरुषांनी आत बनियन घालावा, बाहेर दिसणार नाही असा व्ही गळ्याचा. आणि लांबून येणार असाल तर साध्या टी-शर्टवर प्रवास करा, इस्त्रीचा शर्ट घडी मोडणार नाही असा फोल्डरमध्ये ठेवा, हॉलवर अर्धा तास आधी पोचा, तोंड धुवा आणि तिथे बदला. यात लाजण्यासारखं काहीच नाही, मोठ्या पदावरची माणसं हे करताना मी बघितलीयेत. चेहऱ्यावर पाणी मारून कोरडा शर्ट चढवलेला माणूस वॉशरूममधून बाहेर येतो तेव्हा त्याची चालच वेगळी असते.

आता उलटी गंमत म्हणजे आत गेलं की थंडी. हॉल गार करतात तो पूर्ण भरल्यावर किती माणसं असतील त्या हिशोबाने, आणि सकाळी आत मोजकेच लोक असतात, त्यामुळे पहिला तास अक्षरशः कुडकुडायला होतं, विशेषतः बायकांना. हे मनाचे खेळ नाहीत बरं का. २०१५ मध्ये नेचर क्लायमेट चेंज या जर्नलमध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांचा पेपर आला होता, त्यात म्हटलंय की ऑफिसांच्या तापमानाची मानकं १९६०च्या दशकातल्या एका सरासरी पुरुषावर बेतलेली आहेत, वय चाळीस, वजन सत्तर किलो, आणि बायकांच्या शरीरात त्यापेक्षा कमी उष्णता तयार होते. जपानमध्ये २००५ साली सरकारनेच कूल बिझ नावाची मोहीम काढली, उन्हाळ्यात ऑफिसचा एसी २८ अंशांवर ठेवायचा आणि टाय-कोट नको. मला मनापासून वाटतं की हे आपल्याकडे व्हायला हवं, आपण सूट घालायला लावतो म्हणून एसी वाढवतो आणि एसी वाढवला म्हणून बाकीचे शाली गुंडाळून बसतात. ते होईपर्यंत बॅगेत एक पातळ जॅकेट, श्रग किंवा स्टोल ठेवाच, पण तोही नीट दिसणारा असू द्या, प्रवासातलं जुनं स्वेटर नको, कारण ग्रुप फोटो निघतो तेव्हा नेमकं तेच अंगावर असतं.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर नियम वेगळे. फिकट पँट नको, जमिनीला लागणारी पलाझो नको, सुती साडी त्या दिवशी राहू दे, जॉर्जेट किंवा क्रेप झटकन सुकतं. घोट्याच्या वर राहील अशी पँट चालते आणि आता ती फॉर्मलमध्ये बसतेसुद्धा. बूट बॅगेत, पायात रबरी किंवा प्लास्टिकचं काहीतरी, आणि एक छोटा टॉवेल. लेदर एकदा पूर्ण भिजलं की पुढचे कित्येक दिवस सुकत नाही आणि वास राहतो तो वेगळाच. हॉलवर रजिस्ट्रेशनला विचारलं तर ओल्या चपलांची पिशवी ठेवून घेतात, आम्ही तर नेहमीच ठेवतो.

निमंत्रणाच्या कार्डावर ड्रेस कोड म्हणून जे शब्द असतात त्यांचं काय, तर बिझनेस कॅज्युअल या शब्दांचा अर्थ कोण बोलावतंय त्यावर ठरतो. माझ्या भाचीला पहिल्यांदा ऑफिसतर्फे एका सेमिनारला पाठवलं तेव्हा तिचा फोन आला, मावशी, बिझनेस कॅज्युअल म्हणजे जीन्स चालेल का गं? मी म्हटलं आधी सांग बोलावणारे कोण आहेत. बँका, इन्शुरन्स, शेअर बाजारवाले असतील तर कॅज्युअल लिहिलं तरी निम्मे लोक ब्लेझरमध्ये असतात. आयटीवाल्यांकडे कॉलरचा टी-शर्ट आणि स्वच्छ पँट खूप झाली. लोअर परळच्या जाहिरात कंपन्यांत पांढरे स्नीकर्स सर्रास दिसतात. मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांसोबत बैठक असेल तर एकदम साधं आणि नीट, डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठीच परिपत्रक काढलं होतं, जीन्स-टीशर्ट नको, स्लिपर नको आणि शुक्रवारी खादी, त्यावरून तिथली अपेक्षा कळते. कार्यक्रम एखाद्या जुन्या क्लबात किंवा जिमखान्यात असेल तर आधी क्लबचे नियम विचारा, चप्पल आणि बिनकॉलरचं काही घातलं तर दारातच अडवू शकतात. तमिळनाडूत २०१४ मध्ये हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली म्हणून क्लबमध्ये प्रवेश नाकारला होता आणि मग तिथल्या सरकारने त्याविरुद्ध कायदाच केला. आपल्याकडे तसा कायदा नाही, त्यामुळे एक फोन केलेला बरा. सगळ्यात सोपं म्हणजे त्याच कार्यक्रमाचे मागच्या वर्षीचे फोटो बघायचे, आयोजकांच्या पेजवर असतातच, दोन मिनिटांत कळतं.

साडीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. अजूनही मुली विचारतात की साडी नेसली तर मागासलेलं वाटेल का, आणि मला याचा खरंच त्रास होतो. २०१४ मध्ये मंगळयान पोचलं तेव्हाचा इस्रोमधल्या बायकांचा फोटो सगळ्यांना आठवत असेल, जरीकाठाच्या साड्या, डोक्यात गजरे, आणि त्यांनी काय केलं होतं हे सगळ्या जगाला माहीत होतं. साडी हा पूर्ण फॉर्मल पोशाख आहे, फक्त निवड नीट हवी. महेश्वरी, मंगलगिरी, नारायणपेठ, इरकल, यातल्या साध्या काठाच्या साड्या हलक्या असतात आणि दिवसभर नीट राहतात. पैठणी मात्र लग्नासाठी ठेवा, भर दुपारच्या पॅनल डिस्कशनला ती खूप होते. खणाचा ब्लाऊज आणि प्लेन सुती साडी ही जोडी मला स्वतःला फार आवडते. पदर पिन करून घ्या, कारण जेवण बुफे असतं, एका हातात ताट, दुसऱ्या हाताने जेवायचं, मधेच कोणी ओळख करून देतं, आणि तेव्हा पदर किंवा ओढणी सावरायला तिसरा हात कुठून आणणार. पुरुषांसाठी बंदगळा किंवा चांगल्या खादीच्या कुर्त्यावर जॅकेट, हेही तितकंच फॉर्मल आहे आणि टायपेक्षा आपल्या हवेला बरं.

आणि तुम्हाला स्टेजवर जायचं असेल तर पुढचं नीट वाचा, कारण हे कोणी सांगत नाही आणि दर कार्यक्रमात होतं. कॉलर माईक लावायला काहीतरी कड लागते, कॉलर, ब्लेझरचा काठ, कुर्त्याची बटणपट्टी. बंद गोल गळ्याच्या ड्रेसवर तो लावायचा कुठे हा साउंडवाल्या दादांना रोजचा प्रश्न. त्याचा बॅटरीचा डबा कमरेला अडकवायचा असतो, पट्टा नसेल, खिसा नसेल, तर बाई हातात डबा धरून बोलतात आणि मग हातवारे करता येत नाहीत. साडीत तो मागे परकराच्या नाडीला बसतो, पण ते नेसतानाच ध्यानात ठेवावं लागतं. मोठा हार किंवा लांब मंगळसूत्र माईकवर आपटत राहतं आणि सभागृहभर टक टक ऐकू येतं, कडक सिल्क सळसळतं तेही ऐकू येतं. बारीक चौकडी आणि बारीक रेघांचे शर्ट कॅमेऱ्यात लहरी मारतात, बघणाऱ्याचे डोळे दुखतात. मागचा पडदा काळा असेल तर काळे कपडे नको, नाहीतर व्हिडिओत नुसता चेहरा तरंगताना दिसतो, त्यामुळे आयोजकांना बॅकड्रॉपचा रंग विचारून घ्या. पॅनलचे सोफे खोल आणि खूप बुटके असतात, म्हणून घरी बुटक्या खुर्चीवर बसून बघा. स्कर्ट किती वर जातो, पुरुषांचे मोजे छोटे असतील तर मधली नडगी दिसते का, शर्टची बटणं पोटावर ताणली जातात का. पहिल्या रांगेतल्यांच्या डोळ्यांच्या रेषेत नेमकं तेच असतं.

खर्चाचं म्हणाल तर पहिल्याच पगारात ब्रँडेड सूट घेऊ नका, खरंच नका घेऊ. मी इतक्या वर्षांत एवढं बघितलंय की ब्रँड कोणाला कळत नाही पण खांदा उतरलाय, बाही बोटांवर येतेय, पँट बुटावर गोळा झालीये, हे सगळ्यांना लांबूनसुद्धा कळतं. मंगलदास मार्केटमध्ये जा, कापड बघा, हाताला लावा, भाव करा. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर शर्टला साधारण १.६ मीटर आणि पँटला १.३ मीटर लागतं, उंच असाल तर थोडं जास्त. दोन पांढरे शर्ट, एक नेव्ही आणि एक काळी पँट एवढ्यात बहुतेक कार्यक्रम निघतात. मुलींसाठी हिंदमाताला ड्रेस मटेरियल मिळतं, सरळ कट कुर्ता शिवून घ्या आणि टेलरला खिसा लावायला आवर्जून सांगा, व्हिजिटिंग कार्ड आणि फोन ठेवायला जागा लागते आणि रेडीमेडमध्ये ती देतच नाहीत. बेल्ट, लॅपटॉप बॅग वगैरे लेदरचं धारावीच्या दुकानांत बघा, सायन-बांद्रा लिंक रोडला. नवीन बूट कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आधी आठवडाभर घरात किंवा ऑफिसात वापरा.

अजून एक, टेलर दिवाळीच्या आधीचा महिनाभर नवीन काम घेत नाही, घेतलं तरी वेळेवर देत नाही, आणि आपल्या बऱ्याचशा कॉन्फरन्स नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असतात. त्यामुळे कापड गणपतीच्या आसपास टाकून या, आणि ट्रायलला जाताना तेच बूट घालून जा जे कार्यक्रमात घालणार आहात, पँटची उंची त्याशिवाय नीट बसत नाही.