आबांचं होडकं

आजचा रविवार अख्खा पडवीत गेला. वेसाव्याच्या खाडीत आबांनी चालवलेलं होडकं, दहा वर्षं ताडपत्रीखाली पडून होतं. रंग खरवडला: वर निळा, मग हिरवा, परत निळा, तळाशी तेलाचा काळपट थर. त्याखाली सागवान अजून टणक! खिळे मात्र गेले. लोखंडी होते, खाऱ्या पाण्यानं गंजून फुगले आणि भोवतीचं लाकूडही काळं करून बसले. एक उपटला तर अर्धा हातात, अर्धा फळीतच. आता तांब्याचे घालणार, महाग पडले तरी.

फळ्यांच्या फटी बुजवायला मी सरळ पुट्टी उघडली, तर पप्पा ओरडले, "अरे, पाण्यात लाकूड फुगलं की जागा कुठाय त्याला? खिळे उचकटतील!" मग दोघांनी बसून कापसाचा पीळ हलक्या हातानं ठोकला. त्यात माझा अंगठा दोनदा ठोकला गेला, ते वेगळं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "फायबरची घ्यायची ना!" (घेतली असती तर दुपारची झोप तरी मिळाली असती.)

३१ जुलैला मासेमारीबंदी संपते. नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात उतरवायचंय. पप्पा म्हणतात, आधी दोन दिवस खाडीत बांधून भिजू दे. गळेल, घाबरू नको.