प्रुसिक गाठ बांधायला सगळे शिकवतात, सोडवायला कोणी नाही

पंधरा फूट दोर चढायला मला अर्धा तास लागला. त्यातली वीस मिनिटं मी दहा फुटांवर एकाच जागी होतो, ऑक्टोबरच्या उन्हात.

पुण्यातल्या एका क्लबचं शिबिर. जुमार, म्हणजे दोरावर सरकणारी धातूची पकड, न वापरता नुसत्या प्रुसिक गाठींवर दोर चढायचा. हार्नेस, हेल्मेट, तपासणी सगळं झटपट उरकलं. वरून वेगळा बिले, म्हणजे सुरक्षेचा दुसरा दोर, होता, त्यामुळे पडायची भीती नव्हती.

बारीक दोरीची रिंग घ्यायची, मुख्य दोराला तीन वेढे. एक गाठ कमरेला, एक पायाला. पायातल्या रिंगेत उभं राहून कमरेची गाठ वर सरकवायची, मग बसायचं आणि पायाची वर घ्यायची. भार पडला की गाठ आवळते, काढला की सरकते.

माझी सरकेना. पायावर ताठ उभा राहून गाठ ढकलली, ढिम्म. "सर, हलत नाहीये!" खालून उत्तर आलं, "जोर लावा!" लावला. वेढे एकमेकांवर चढले आणि गाठ आणखी चावली. परत विचारलं, परत "जोर लावा!" अंगठ्याचं नख उचकटलं, पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागला. खाली रांगेत नऊ जण माना वर करून उभे.

शेवटी रांगेतली एक कॉलेजची मुलगी ओरडली, "काका, गाठ ओढू नका, तिची पाठ ढिली करा!" वेढ्यांवरून एक आडवी दोरी जाते ना, ती. तिच्याखालून बाहेर येणारी दोरी बोटभर आत ढकलली, वेढे सरळ केले, आणि गाठ लोण्यासारखी वर गेली. एवढंच सांगायचं होतं सरांनी!

दोरीही माझी चुकली होती. दोर 11 मिमीचा, रिंग 5 मिमीची. फरक जितका जास्त तितकी गाठ घट्ट बसते. 6 मिमीची नायलॉनची घ्या, गिर्यारोहणाचीच. बोहरी आळीत काय वाट्टेल ती दोरी मिळते, पण या कामाला नको.

माझा मामेभाऊ शिडाच्या बोटी चालवतो. शिडाचा दोर विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या रिळावर, अडकला की ते त्यावर रोलिंग हिच नावाची अशीच आवळणारी गाठ मारून ताण दुसऱ्या दोरावर घेतात आणि गुंता सोडवतात. त्याचा पहिला प्रश्न होता, "सुटते कशी ते आधी नाही बघितलंस?" 1931 साली प्रुसिक गाठ मांडणारे ऑस्ट्रियाचे कार्ल प्रुसिक संगीतशिक्षक होते म्हणे. रियाज हवाच होता.

हां, आणि सुरुवातीचे काही फूट खालचा दोर हलका असतो, गाठीबरोबर तोही वर येतो. कोणाला तरी शेपूट धरायला सांगा. दुसऱ्या खेपेला मी सरांनाच उभं केलं.