तेलाचा सॅम्पल आणि उलटं फिरणारं मशीन

मी वागळे इस्टेटमधल्या एका लॅबला आहे, काम तेल तपासायचं. ट्रान्सफॉर्मरचं, बेअरिंगचं, कुठलंही. त्या दिवशी चोंढ्याला गेलो होतो, शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे, घाटघरचं जलविद्युत केंद्र आहे तिथे. वरचं धरण घाटमाथ्यावर अकोले तालुक्यात, खालचं आपल्या ठाणे जिल्ह्यात, मधे साधारण चारशे मीटरचा उतार आणि पॉवरहाऊस डोंगराच्या पोटात. 125 मेगावॅटची दोन मशीन, 2008 पासून चालू.

बेअरिंगचं तेल मशीन थांबल्या थांबल्या, गरम असतानाच काढायचं असतं, गार झालं की पाणी आणि धातूचे कण तळाला बसतात आणि रिपोर्ट उगाच छान येतो. पण मशीन कधी थांबणार हे तिथल्या लोकांच्या हातात नाही, ऐरोलीच्या लोड डिस्पॅचवरून, म्हणजे राज्यातल्या विजेचा ताळमेळ बघणाऱ्या केंद्रातून सांगतात. म्हणून बसलो वाट बघत. पंपिंग चालू होतं, म्हणजे खालच्या धरणाचं पाणी वरच्या धरणात चढवणं, पायाखालची चेकर प्लेट थरथरत होती.

आमचा हेल्पर ऑपरेटरला म्हणाला, "काका, खालचं पाणी वीज जाळून वर न्यायचं, मग तेच सोडून वीज करायची, ह्यात मिळतं काय?" काका हसले. "शंभर युनिट घालतो, पंचाहत्तर-ऐंशी परत येतात. तोटाच आहे. पण नको असताना पडून असलेली वीज आणि संध्याकाळी सगळ्या ठाण्यात एकदम दिवे, पंखे, एसी लागल्यावरची वीज, दोन्हीचा भाव एक आहे का रे?" पूर्वी रात्री पंपिंग करायचे, आता सोलर वाढल्यामुळे अशा केंद्रांना दुपारीपण काम मिळायला लागलंय, हे मला वाटतं पुढे वाढतच जाणार.

मग फोन आला, पंपिंग बंद. आवाज उतरत उतरत गेला, ब्रेक लागले. लगेच कॉक उघडला, पहिलं लिटरभर तेल बादलीत सोडलं आणि बाटली भरून झाकण लावलं. तेवढ्यात काका, "आटपा, संध्याकाळच्या मागणीचा पीक येतोय," आणि जॅकिंग पंप सुरू! सुरू होताना तेलाच्या प्रेशरने रोटर, म्हणजे मशीनचा फिरणारा भाग, केसभर उचलतात, नाहीतर बेअरिंग कोरडंच घासतं. साधं जलविद्युत मशीन एकाच दिशेला फिरतं, इथे तोच रनर, म्हणजे पाण्यातलं चाक, कधी एका दिशेला फिरून पंप, कधी उलटं फिरून टर्बाईन, दिवसातून कितीदा थांब-चालू, त्यामुळे बेअरिंगचे हाल जास्त.

तेव्हापासून आमच्या लेबलवर मी एक रकाना वाढवलाय, मशीन पंपवरून थांबलं की टर्बाईनवरून. आमचे साहेब म्हणाले कशाला, तरी ठेवलाय.