पन्नास मीटर, सहासष्ट हात

मी पोहायला शिकले ती सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या विहिरीत. त्या वेळी मी नऊ वर्षांची होते. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधून काकांनी मला पायऱ्यांवरून पाण्यात सोडले, आणि त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस ओंडका सुटून मी काठावरून मुटका मारू लागले. त्यामुळे आपल्याला पोहता येते याविषयी पुढची तीस-बत्तीस वर्षे मला कधीही शंका आली नाही. वयाच्या ४२व्या वर्षी मास्टर्स गटाच्या जलतरण स्पर्धेत उतरायचे मी ठरवले आणि पुण्यातल्या एका ५० मीटरच्या तलावावर पहाटेच्या सरावाच्या बॅचमध्ये नाव घातले, तेव्हा मात्र विहिरीने मला पाण्यावर राहायला शिकवले होते, पाण्यातून पुढे जायला नाही, हे पहिल्याच दिवशी लक्षात आले.

मास्टर्स गट म्हणजे २५ वर्षांपुढील पोहणाऱ्यांचा गट. त्यात दर पाच वर्षांचा एक वयोगट असतो आणि मी ४० ते ४४च्या गटात येते. सरावाच्या बॅचमध्ये मात्र बहुतेक मुले दहा ते चौदा वर्षांची होती. महिलांच्या बॅचमध्ये त्या वेळी लेनचे दोर लावत नसत, आणि दोराशिवाय सरळ रेषेत, वेळ लावून पोहणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून मी सरांना विनंती करून या मुलांच्या बॅचमध्ये आले. सरांनी पहिल्या दिवशी एवढेच सांगितले, “ताई, एकदा पन्नास मीटर फ्रीस्टाइल जा, आणि हात किती मारले ते मोजा.” माझे ६६ हात झाले आणि वेळ ५६ सेकंद. माझ्यानंतर त्याच लेनमध्ये आलेल्या अकरा वर्षांच्या मुलीने ४६ हातांत आणि ३८ सेकंदांत तेच अंतर पार केले. तिचे दंड माझ्या दंडांच्या निम्मेही नव्हते. ती माझ्यापेक्षा कमी वेळा हात मारून माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने गेली होती, आणि या एका गोष्टीचा उलगडा करण्यात माझे पुढचे वर्ष गेले.

सरांचे म्हणणे असे होते की माझी ताकद कमी नाही, मी पाण्याला फार अडवते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते, आणि पोहणाऱ्याला होणारा त्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करायचा तर विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. याचा अर्थ असा की नवशिक्याने केवळ अधिक जोर लावला, तर त्या जोराचा फार मोठा भाग पाण्याशी झुंजण्यात वाया जातो, आणि विरोध थोडा जरी कमी केला तरी त्याच जोरावर वेग वाढतो. हे गणित मला समजले, पण शरीराला ते समजायला बरेच महिने लागले.

माझा सगळ्यात मोठा दोष विहिरीतून आलेला होता. विहिरीत डोके वर ठेवावेच लागते, कारण समोर दगडी भिंत कधी येईल आणि वरून कोण उडी मारेल याचा नेम नसतो. ही सवय माझ्या मानेत इतकी मुरलेली होती की तलावातही मी समोर पाहत पोहत असे. पाण्यावर आडवे झालेले शरीर तराजूच्या दांडीसारखे वागते. फुफ्फुसांतल्या हवेमुळे छाती तरंगते, पाय मुळातच जड असतात, आणि त्यात डोके वर उचलले की कंबर आणि पाय आणखी खाली जातात. मग शरीर पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यापुढे फळीसारखे तिरके उभे राहते. नजर सरळ खाली, तळावरच्या काळ्या पट्ट्यावर ठेवायची, एवढी एकच सूचना सर मला दोन महिने देत होते, आणि ज्या दिवशी ती खऱ्या अर्थाने पाळली गेली त्या दिवशी आपली टाच पाण्याच्या पृष्ठभागाशी आल्याचे मला प्रथमच जाणवले.

डोके खाली ठेवायचे म्हणजे श्वास सुधारायला हवा. नवशिक्यांना लागणारी धाप बहुतेक वेळा दमाच्या कमतरतेमुळे लागत नाही, तर श्वास पाण्यात पुरता न सोडल्यामुळे लागते, हे मला इथे शिकायला मिळाले. आपण श्वास रोखून धरला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि घुसमट होते ती मुख्यतः त्यामुळे. त्यातच तोंड वर आल्यावर आधी उच्छ्वास आणि मग श्वास अशी दोन कामे अर्ध्या सेकंदात करावी लागतात. पहिले तीन आठवडे मी प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला कठड्याला धरून नाकातोंडातून बुडबुडे सोडणे आणि मान न उचलता, धडासकट वळून, एक गॉगल पाण्यातच राहील अशा बेताने श्वास घेणे, एवढेच करत होते. शेजारच्या लेनमध्ये मुले सपासप अंतर कापत असताना काठाशी उभे राहून हे करणे माझ्यासारख्या प्रौढ माणसाला अवघड जाते, हे मी मान्य करते. तरीही कोणी नवीन शिकणाऱ्याने मला विचारले, तर हे तीन आठवडे अजिबात गाळू नका, असेच मी सांगेन.

हातांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. हात पाण्यात शिरल्यावर माझे कोपर आधी खाली पडत असे आणि तळवा पाणी खाली दाबत असे. पाणी खाली दाबले की शरीर थोडे वर उचलले जाते, पुढे जात नाही. कोपर उंच ठेवून, बोटे तळाकडे वळवून, तळवा आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग वल्ह्याच्या पात्यासारखा वापरून पाणी मागे न्यायचे असते. यासाठी सरांनी मला मुठी मिटून पोहायला लावले. मूठ मिटली की तळव्याचा आधार जातो आणि मनगट ते कोपर या भागाने पाणी धरावेच लागते. चार वेळा असे ५० मीटर गेल्यावर मूठ उघडली की पाणी एकदम दाट झाल्यासारखे वाटते. मांड्यांमध्ये पुल बॉय, म्हणजे पाय तरंगत ठेवणारा फोमचा ठोकळा, धरून पाय न मारता केवळ हातांनी पोहण्याचे सेट, म्हणजे ठरावीक फेऱ्यांचे संच, असतात, तेव्हा मला हमखास मुरलीकांत पेटकर यांची आठवण येते. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले हे सैनिक मुळात मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले, आणि त्यानंतर पोहण्याकडे वळून त्यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले, तेही ३७.३३ सेकंदांत. शाळेत असताना मला या आकड्याचा अर्थ लागला नव्हता. आता धडधाकट पाय असताना त्याच अंतराला मला लागलेले ५६ सेकंद माहीत आहेत, त्यामुळे त्या ३७ सेकंदांत किती काम भरलेले आहे हे निदान अंदाजाने तरी समजते.

पायांविषयी थोडक्यात सांगते. किक गुडघ्यातून न मारता कमरेतून मारायची आणि घोटे सैल, मागे ताणलेले ठेवायचे. ज्यांचे घोटे आखडलेले असतात त्यांचा पाय पाणी मागे ढकलण्याऐवजी कुदळीसारखा पाण्यात अडकतो. मी रोज संध्याकाळी दहा मिनिटे वज्रासनात बसू लागले आणि तीन-चार महिन्यांत किकबोर्डवरच्या, म्हणजे हातांत तरंगती फळी धरून केवळ पायांनी पोहलेल्या, ५० मीटरची माझी वेळ २ मिनिटे २० सेकंदांवरून १ मिनिट ४० सेकंदांवर आली. त्यात सरावाचाही वाटा आहे, पण घोट्यांतला फरक मला स्पष्ट जाणवला.

आता घड्याळाविषयी, कारण माझ्या मते हौशी पोहणारा आणि स्पर्धेसाठी पोहणारा यांच्यातला खरा फरक तिथे आहे. या बॅचमध्ये येण्यापूर्वी मी जवळजवळ दोन वर्षे आठवड्यातून चार दिवस, एका दमात, एकाच संथ गतीने एक किलोमीटर पोहत असे, आणि त्या काळात माझी वेळ मुळीच सुधारली नाही. सरांनी हे एक किलोमीटर बंद केले. त्याऐवजी त्यांनी आधी माझी चाचणी घेतली: २०० मीटरला ४ मिनिटे ३६ सेकंद आणि, एक दिवस सोडून, ४०० मीटरला ९ मिनिटे ४४ सेकंद. दोन्ही वेळांतला फरक ३०८ सेकंद, म्हणजे पुढच्या २०० मीटरला लागलेला वेळ; त्याचे निम्मे १५४ सेकंद, अर्थात दर १०० मीटरला २ मिनिटे ३४ सेकंद. जी गती फार न ढासळता बराच वेळ टिकवता येते, तिचा हा साधा अंदाज आहे. मग याच गतीने आठ वेळा १०० मीटर, दर २ मिनिटे ५५ सेकंदांनी निघायचे, असा सेट मिळाला. ठरल्या गतीने पोहोचलात तर विश्रांती २१ सेकंदांची, रेंगाळलात तर तेवढी कमी. पहिल्या दोन फेऱ्या फार सोप्या वाटत आणि सातव्या-आठव्या फेरीत हात शिशासारखे होत. पहिल्या फेरीत स्वतःला आवरणे हेच मला सर्वांत कठीण गेले. आठवड्यातून एक दिवस मात्र याच्या उलट काम असे: २५ मीटर पूर्ण वेगाने, मग दीड मिनिट पुरी विश्रांती, असे दहा वेळा. वेग आणि दम ही दोन वेगळी कामे आहेत आणि ती एकाच संथ किलोमीटरमध्ये होत नाहीत, हे मला कुणी आधी सांगितले असते तर माझी दोन वर्षे वाचली असती.

सहा महिन्यांनी मी पहिल्यांदा एका जिल्हा पातळीवरच्या मास्टर्स स्पर्धेत उतरले. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये स्टार्टिंग ब्लॉकवरून सूर मारताना माझी हनुवटी वर राहिली आणि पाण्याच्या माऱ्याने गॉगल गळ्यात आले. पुढचे सगळे अंतर मी डोळे किलकिले करून पोहले. त्याचे मला फार वाईट वाटले नाही. ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मात्र मी बाद ठरले. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. शेजारच्या लेनमधली स्पर्धक बरोबरीने येत असल्याचे दिसताच मी एक हात पुढे फेकला. पंचांनी हात वर केला आणि माझी वेळ नोंदली गेलीच नाही. नियम मला ठाऊक होता, सरावात मात्र दमल्यावर मी नेहमी एकाच हाताने भिंत धरत असे, आणि शर्यतीत शरीराने तेच केले. त्या दिवसापासून सरावातली प्रत्येक फेरी, मग ती वॉर्मअपची का असेना, मी नियमाप्रमाणे संपवते.

याच काळात उजवा खांदा दुखू लागला. मी दोन आठवडे ते दुखणे लपवून पोहत राहिले, ती माझी चूक होती. फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितले की मी केवळ उजवीकडे श्वास घेते, त्यामुळे धड एकाच बाजूला वळते आणि डावीकडे वळण अपुरे राहिल्याने खांद्यावर ताण येतो. रबरी पट्टा दाराला बांधून हात बाहेर फिरवण्याचे व्यायाम त्यांनी दिले, आणि दर तीन हातांनी आलटून पालटून दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला सांगितले. डावीकडचा श्वास मला अजून नीट जमलेला नाही. तिकडे वळताना डोके पुन्हा विहिरीतल्यासारखे वर येते.

गेल्या महिन्यात पुन्हा चाचणी झाली. २०० मीटर ४ मिनिटे ८ सेकंद, ४०० मीटर ८ मिनिटे ३६ सेकंद; म्हणजे दर १०० मीटरला २ मिनिटे १४ सेकंद, पूर्वीपेक्षा २० सेकंद कमी. ५० मीटरला ४९ सेकंद लागले आणि हात ५२ झाले. त्या मुलीच्या ४६ हातांना मी अजून पोहोचलेले नाही, आणि दरम्यान तिची वेळ ३५ सेकंदांवर आली आहे. उद्या पहाटे साडेपाचला आठ वेळा १०० मीटरचा सेट आहे, या वेळी दर २ मिनिटे ३५ सेकंदांनी निघायचे आहे, आणि त्यातल्या निदान चार फेऱ्यांत तरी डावीकडचा श्वास एक गॉगल पाण्यात ठेवून घ्यायचा, असे मी सरांना कबूल केले आहे.