रणांगणावरची फौज आणि पटावरची माणसं: ग्रीस आणि रोम

साताऱ्यात लष्कराबद्दल बोलणं निघालं की थर्मोपिलीच्या खिंडीत इराणी फौजेला अडवणाऱ्या ३०० स्पार्टनांचा विषय हमखास येतो आणि त्यामागोमाग प्रश्न येतो: फौज ग्रीकांची मोठी की रोमनांची? एका आकड्यात याचं उत्तर देता येत नाही. 'फौज' या एका शब्दात आपण तीन वेगळे हिशेब कोंबतो. लढाईच्या दिवशी रांगेत उभे राहिलेले. त्या वर्षी हत्यारबंद असलेले सगळे, म्हणजे तटबंदीवरच्या शिबंदीसकट. आणि हाक दिली तर येऊ शकतील असे, पटावर नाव असलेले. पहिल्या हिशेबात ग्रीक मुळीच कमी पडत नाहीत. इ.स.पू. ४७९ मध्ये इराण्यांविरुद्धच्या प्लाटियाच्या लढाईत ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने ३८,७०० हॉप्लाइट, म्हणजे ढाल-भालेवाले जड पायदळी, मोजले आहेत, आणि रोमच्या एका कॉन्सलची (दरसाल निवडल्या जाणाऱ्या दोन प्रमुखांपैकी एकाची) नेहमीची फौज त्याच्या निम्म्याच्या आसपास असे. फरक दिसतो तो तिसऱ्या हिशेबात.

आधी अथेन्स घेऊ, कारण तिथला आकडा थेट अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या तोंडचा म्हणून इतिहासकार थ्युसिडिडीसने नोंदवला आहे. इ.स.पू. ४३१, अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाची सुरुवात. मैदानात उतरणारे हॉप्लाइट १३,०००. तटावर आणि ठाण्यांत १६,०००, ज्यात म्हातारे, कोवळे तरुण आणि मेटिक, म्हणजे नागरिकत्व नसलेले रहिवासी. घोडदळ १,२००, पायदळी तिरंदाज १,६००. बेरीज ३१,८००. याशिवाय ३०० ट्रायरीम, म्हणजे वल्ह्यांच्या तीन रांगांची लढाऊ जहाजं. एका ट्रायरीमवर सुमारे २०० माणसं, त्यातले १७० वल्हेकरी. सगळा ताफा एकदम पाण्यात उतरवायचा तर ६०,००० माणसं हवीत. एवढी माणसं अथेन्सकडे नव्हती. गरीब नागरिकांबरोबर बेटांवरचे भाडोत्री वल्हेकरी घ्यावे लागत, आणि त्यांचा पगार दोस्त राज्यांकडून येणाऱ्या खंडणीतून निघे. हॉप्लाइट आपल्याकडच्या शिलेदारासारखा: ढाल, भाला, शिरस्त्राण स्वतःच्या पैशाने आणणारा. म्हणजे हॉप्लाइटांची संख्या गावात किती पुरुष आहेत यावर नाही, तर किती जणांच्या घरात तेवढा पैसा आहे यावर ठरायची. इ.स.पू. ४३० नंतरच्या साथीत या पटावरचे ४,४०० हॉप्लाइट आणि ३०० घोडेस्वार मेले. १३,००० पैकी जवळजवळ तिसरा हिस्सा, तोही शत्रूचा भाला न लागता. आणि पेरिक्लीसच्याच इ.स.पू. ४५१ च्या कायद्याने आईबाप दोघेही अथेनियन असतील तरच मूल नागरिक. खड्डा भरायला बाहेरचा माणूस आत घ्यायची वाटच बंद.

स्पार्टाची गत याहून वाईट. प्लाटियाला स्पार्टाचे ५,००० पूर्ण नागरिक होते आणि प्रत्येकामागे सात, असे ३५,००० हेलॉट, म्हणजे स्पार्टाचे जमिनीला बांधलेले गुलाम. इ.स.पू. ४२५ मध्ये स्फाक्टीरिया बेटावर स्पार्टाचे २९२ जण अथेन्सच्या हाती जिवंत सापडले, त्यातले पूर्ण नागरिक जेमतेम १२०. तेवढ्यांसाठी स्पार्टाने तहाची बोलणी केली आणि अ‍ॅटिकावरची, म्हणजे अथेन्सच्या मुलखावरची, दरवर्षीची स्वारी थांबवली. इ.स.पू. ३७१ मध्ये थीब्जविरुद्धच्या ल्युक्ट्राच्या लढाईत मैदानावरच्या ७०० पूर्ण नागरिकांपैकी ४०० मेले आणि स्पार्टाचा दबदबा त्या एका दुपारी संपला. अ‍ॅरिस्टॉटल लिहितो की हा मुलूख १,५०० घोडेस्वार आणि ३०,००० हॉप्लाइट पोसू शकला असता, पण नागरिक हजारसुद्धा उरले नव्हते. कारण लढाया हे एकच नव्हतं. सामुदायिक भोजनाचा वाटा भरता आला नाही की माणूस पूर्ण नागरिक राहत नसे. जमीन थोड्या घराण्यांकडे गोळा होत गेली आणि दर पिढीत वाटा न भरू शकणारे वाढत गेले. माणसं होती, पण ती पटावरून उतरत होती.

३०० स्पार्टनांच्या गोष्टीत थेस्पिया या छोट्या ग्रीक नगरराज्याचे ७०० जण मागे पडतात, याची मला कायम खंत वाटते. तेही शेवटपर्यंत थर्मोपिलीला थांबले आणि तिथेच संपले. पुढच्या वर्षी प्लाटियाला थेस्पियाची १,८०० माणसं आली खरी, पण हॉप्लाइटची हत्यारं एकाकडेही नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. घाव मोठा होता, पण त्याने पलटण थांबली नाही, कारण पलटणीत कितीतरी गावांची माणसं होती. थेस्पियाला ही सोय नव्हती. तिथे गाव, राज्य आणि पलटण तिन्ही एकच.

आता रोम. इ.स.पू. २२५ मध्ये उत्तरेकडून गॉल टोळ्या इटलीत खाली उतरल्या तेव्हा रोमने सगळ्या इटलीतून लढाऊ वयाच्या पुरुषांच्या याद्या मागवल्या. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने त्या दिल्या आहेत आणि एकूण ७ लाखांवर पायदळ व ७०,००० घोडदळ असं म्हटलं आहे. त्याच्याच ओळी जोडून पाहाव्यात: पायदळ ६,९९,२०० आणि घोडदळ ६९,१०० येतं. त्यात रोमचे इटलीतले दोस्त लॅटिन ८०,००० आणि सॅमनाइट ७०,०००, तर खुद्द रोमन आणि कँपानियन (कापुआच्या भागातले रोमन नागरिक) मिळून अडीच लाख पायदळ आणि २३,००० स्वार.

इथे सांभाळून चालावं लागतं. शेवटची ओळ २,७३,००० भरते आणि इ.स.पू. २३४ च्या शिरगणतीत नोंदलेले नागरिक २,७०,७१३ आहेत. म्हणजे त्या ओळीत सगळेच नागरिक आले असावेत, आणि आधीच लीजनमध्ये, म्हणजे रोमन नागरिकांच्या पलटणींत, असलेले ४९,२०० पायदळ व ३,१०० स्वार दोनदा मोजले गेले असावेत. ते वजा केले तरी ६,५०,००० आणि ६६,००० उरतात. शिवाय इटलीच्या दक्षिण टोकाचा ब्रुटियम प्रांत आणि दक्षिणेतली ग्रीक शहरं या यादीत नाहीतच. जुन्या आकड्यांवर असा हात फिरवल्याशिवाय ते वापरू नयेत.

हा पट एवढा मोठा कशामुळे? अथेन्स दोस्तांकडून चांदी घेई, रोम माणसं घेई. वर दिलेल्या पटातलं निम्म्याहून जास्त पायदळ दोस्तांचं आहे. प्रत्येक दोस्त गाव ठरलेली तुकडी पाठवी, तिचा पगार गावाने द्यायचा, धान्य रोम देई. दुसरं म्हणजे नागरिकत्व. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने लारिसा शहराला लिहिलेलं पत्र शिलालेखात टिकलं आहे. त्यात तो बजावतो की रोमन लोक गुलामांना मुक्त करून नागरिक करून घेतात आणि म्हणूनच त्यांनी जवळपास ७० ठिकाणी वसाहती बसवल्या. तुम्हीही नवे नागरिक पटावर घ्या. शत्रूने एवढं अचूक निदान केलेलं क्वचितच दिसतं.

पॉलिबियसच्या वेळचा लीजन ४,२०० पायदळाचा: हलक्या हत्यारांचे वेलिटीस १,२००, मग पहिल्या रांगेचे हस्ताती १,२००, दुसरीचे प्रिन्सिपेस १,२००, तिसरीचे जुनेजाणते त्रिआरी ६००; शिवाय ३०० स्वार. पायदळातल्या नागरिकाने वयाच्या ४६ पर्यंत १६ मोहिमा करायच्या, संकटात २०. महिन्याचा गहू दोन तृतीयांश मेडिम्नस (धान्याचं ग्रीक माप), म्हणजे साधारण ३५ लिटर, रोजचा ९०० ग्रॅमच्या आसपास. सांगलीच्या बाजार समितीतल्या मापाने सांगायचं तर एका लीजनच्या पायदळाला रोज सुमारे ३८ क्विंटल गहू. म्हणूनच पटावर सात लाख असले तरी एका मैदानात ८०,००० उभे करणं हे अपवादाचं काम.

तो अपवाद इ.स.पू. २१६ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याविरुद्ध कॅनीला केला गेला आणि बुडाला. रोमन इतिहासकार लिव्हीच्या हिशेबाने ४५,५०० पायदळ आणि २,७०० स्वार मेले; पॉलिबियस ७०,००० सांगतो, तो मला फुगलेला वाटतो. ल्युक्ट्राच्या ४०० च्या शंभरपटीहून जास्त माणसं गेली. रोमने १७ वर्षांची आणि त्याहून लहान मुलं भरती केली, मालकांना पैसे देऊन ८,००० गुलाम घेतले, कैदेतल्या कर्जदार-गुन्हेगारांतून ६,००० उचलले. इ.स.पू. २१२ पर्यंत लीजनची संख्या २५ वर गेली होती, कागदावर लाखाच्या वर माणसं.

याच्या शेजारी मॅसिडोनिया ठेवा. इ.स.पू. १९७ मध्ये किनोसेफलीला रोमविरुद्ध उतरण्यासाठी याच फिलिपला १६ वर्षांची पोरं आणि निवृत्त शिपाई गोळा करावे लागले. फौज २५,५०० च्या आसपास, त्यातले ८,००० मेले, ५,००० पकडले गेले. त्याचा मुलगा पर्सियस याने इ.स.पू. १७१ मध्ये ४३,००० उभे केले. अलेक्झांडर आशियात उतरला त्यानंतरची मॅसिडोनियाची ही सर्वांत मोठी फौज, पाव शतकाच्या शांततेत वाढलेल्या पिढीची. रोमविरुद्धच्या पिडनाच्या लढाईत ती तासाभरात संपली आणि मागे दुसरी नव्हती.

रोमचा पटही अथांग नव्हता. हॅनिबलशी युद्ध चालू असतानाच, इ.स.पू. २०९ मध्ये, रोमला माणसं पुरवणाऱ्या ३० लॅटिन वसाहतींपैकी १२ वसाहतींनी माणसं आणि पैसा दोन्ही संपल्याचं सांगून हात वर केले, आणि त्या सुमाराच्या शिरगणतीत १,३७,१०८ नागरिक नोंदले गेले. त्यात हॅनिबलला फितूर झालेलं कापुआ शहर आणि परमुलखातले शिपाई धरलेले नसावेत, तरी घट खरीच. उरलेल्या १८ वसाहतींनी माणसं दिली म्हणून निभावलं. पुढे दोस्तांकडून माणसं घ्यायची पण त्यांना मताचा हक्क द्यायचा नाही, हा व्यवहार दोस्तांनी इ.स.पू. ९१ मध्ये हत्यार उपसून मोडला. दुसऱ्याच वर्षी रोमने त्यांना नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. इ.स.पू. ११५ च्या शिरगणतीत ३,९४,३३६ नागरिक होते, इ.स.पू. ७० मध्ये सुमारे ९ लाख.