फेकण्याआधी थांबण्याचा तास

जर्मनीत येऊन तीन वर्षे झाल्यावर मला येथील एका शाळेत क्रीडाशिक्षकांना साहाय्य करण्याचे काम मिळाले. शारीरिक शिक्षणाची पदवी मी महाराष्ट्रात घेतलेली असल्यामुळे गोळाफेक, थाळीफेक आणि भालाफेक यांचे तंत्र मला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. ती पाचवीच्या पहिल्याच तासाला डळमळीत झाली, कारण मैदानावर गोळा, थाळी आणि भाला यांपैकी काहीच आणलेले नव्हते.

होते ते केळ्यांचे रिकामे खोके, सायकलचे जुने टायर, दोन हातांनी डोक्यावरून फेकायचे मेडिसिन बॉल, म्हणजे भरीव जड चेंडू, आणि ‘हॉयलर’ नावाची एक गमतीदार वस्तू. जर्मनमध्ये ‘हॉयलेन’ म्हणजे हंबरडा फोडणे किंवा कोल्ह्यासारखे ओरडणे. या चेंडूला छिद्रे असतात, मागे शेपटी असते आणि तो पुरेशा वेगाने व नीट सुटला तरच हवेत शिट्टी वाजवत जातो, वेडावाकडा सुटला तर मुका राहतो. त्यामुळे आपली फेक बरोबर झाली की नाही, हे मुलाला शिक्षकांच्या तोंडाकडे न पाहता स्वतःच्या कानांनी कळते. मी विद्यार्थी असताना आमच्या हाती थेट गोळा दिला जाई आणि ‘जोर लावा’ एवढीच सूचना मिळे. येथे जोर हा शब्द मी पहिले तीन आठवडे ऐकलाच नाही. पाय कुठे आहेत, हेच विचारले जाई. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे, मग कंबर वळते, मग खांदा, मग कोपर आणि सर्वांत शेवटी हात, हा क्रम मुलांच्या अंगात मुरल्यानंतरच वजनाचा विचार होतो. टायर फिरवून फेकताना थाळीफेकीची गिरकी आपोआप येते आणि मेडिसिन बॉल छातीपासून ढकलताना गोळा फेकायचा नसून मानेपासून ढकलायचा असतो, हेही न सांगता कळते.

मात्र या तासांतील निम्मा वेळ फेकण्यात जात नाही, तो थांबण्यात जातो. सर्वांनी रेषेमागे उभे राहायचे, पहिल्या शिट्टीला फेकायचे, शेवटची वस्तू जमिनीवर स्थिरावेपर्यंत जागचे हलायचे नाही आणि दुसऱ्या शिट्टीनंतर चालतच, धावत नव्हे, आपापली वस्तू आणायला जायचे. टायर मात्र एका वेळी एकानेच फेकायचा, कारण गिरकीतून हात जरा लवकर किंवा उशिरा सुटला तर तो कोणत्या दिशेला जाईल याचा नेम नसतो. एकदा माझ्या पायाशी आलेला टायर उचलायला मी शिट्टीआधीच रेषा ओलांडली, तेव्हा दहा वर्षांची एक मुलगी ‘हाल्ट!’ असे एवढ्या खणखणीत आवाजात ओरडली, की मी जागीच थिजलो. शिक्षकांनी वर्गासमोर मला रेषेमागे पाठवले आणि त्या मुलीचे कौतुक केले. मोठ्या माणसाला असे थांबवण्याचा तिला अधिकार आहे, हे माझ्याखेरीज कोणालाच विशेष वाटले नाही.

येथील शाळांत 1951 पासून ‘बुंडेसयुगेंडश्पीले’ ही क्रीडास्पर्धा होते आणि धावणे, उडी व फेक यांच्या गुणांच्या बेरजेवर प्रमाणपत्रे मिळतात. सर्वांत वरच्या प्रमाणपत्रावर राष्ट्राध्यक्षांची छापील स्वाक्षरी असते. लहान मुले 80 ग्रॅमचा चेंडू फेकतात, मोठी 200 ग्रॅमचा. 2023-24 या शालेय वर्षापासून प्राथमिक वर्गांसाठी टेपने सेंटिमीटर मोजण्याऐवजी मैदानावर आखलेल्या पट्ट्यांत फेक कुठे पडली यावर गुण देण्याची पद्धत आणली गेली, तेव्हा मुलांना स्पर्धेची सवयच उरणार नाही म्हणून देशभर बरीच वादावादी झाली. माझे मत विचाराल तर सात वर्षांच्या मुलाला मैदानावर आखलेली पट्टी पुरते. पण बारा वर्षांच्या मुलाकडून टेप हिरावून घेऊ नये, कारण गेल्या महिन्यापेक्षा आपण 40 सेंटिमीटर पुढे गेलो, याचा आनंद पट्टी देऊ शकत नाही.

भाल्याचा विषय निघाला की शिक्षक मला मुद्दाम पुढे करतात. 1984 मध्ये पूर्व बर्लिनमध्ये 104.80 मीटर भाला फेकणारे उवे होन यांनी पुढे काही काळ नीरज चोप्राला शिकवले, आणि त्याने टोकियोत 87.58 मीटरची फेक करून सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्याचे प्रशिक्षक क्लाउस बार्टोनिट्झ हेही जर्मनच होते, हे सांगताना माझा आवाज किंचित चढतो, हे मी कबूल करतो. 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवल्यामुळे तो लवकर टोकावर झुकतो आणि पूर्वीइतका लांब जात नाही, हे सांगितले की मुलांचा पहिला प्रश्न ‘मग जुना भाला कुठे मिळेल?’ असा असतो.

गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गाला प्रथमच खरा भाला मिळाला. पहिली फेक जेमतेम 11 मीटर गेली. फेकणारा मुलगा दुसऱ्या शिट्टीनंतर चालत गेला, रुतलेल्या भाल्याच्या शेपटाकडे कोणी उभे नाही ना हे त्याने मागे वळून पाहिले आणि मगच भाला उपसून उभा धरून परत आणला.